मेंदी म्हणजे नेमकी कोणती? सोलापुरातल्या हिरव्या आडोशाची पार्श्वभूमी

विलो या झाडाच्या काठ्यांनी विणलेल्या कुंपणाचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. इंग्लंडसारख्या थंड मुलखात हिवाळ्यात पानं झडलेल्या विलोच्या काठ्या ओल्या जमिनीत रोवतात आणि तिरक्या गुंफून त्यांची जाळी करतात. थंडी सरली की जाळीला पालवी फुटते आणि शेजारच्याचं अंगण दिसेनासं होतं. जुळे सोलापुरात बंगल्याशेजारी चार मजले चढले की मग असंच काहीतरी आपल्याकडे का नको, असा प्रश्न निघतो. उत्तर एका ओळीचं आहे. विलोला सतत ओलावा लागतो. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद वाळुंज, तोही ओढ्या-नद्यांच्या काठानेच वाढतो. जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, तिथे विलो क्रिकेटच्या बॅटीतच बरा.

पण कापलेली काडी रोवून जिवंत कुंपण करणं आपल्याला नवं नाही. शेर, निर्गुडी, मोगली एरंड, पांगारा, गिरिपुष्प ही सगळी काडीवर येणारी झाडं. फरक हेतूचा होता. शेताची वई बोराटीची असो की शेराची, ती गुरं अडवायला असे, नजर अडवायला नाही. घराचा आडोसा ही भिंतीची जबाबदारी होती. जुना वाडा आत चौकाकडे तोंड करून बसलेला, त्याला बाहेरून झाडाची गरज काय?

निवडुंग आणि केकताड याच राखणीच्या कामाचे. लोहमार्ग 1860 मध्ये सोलापुरापर्यंत आला. देशभर रेल्वे कंपन्यांनी रुळांच्या कडेने घायपात लावला, तेच आपलं केकताड. फड्या निवडुंगाची गोष्ट निराळी. तो कुंपण सोडून रानात शिरला, तेव्हा त्याला आवरायला 1926 मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात एक किडा आणला गेला. त्याने निवडुंगाची रानं खाऊन टाकली. निवडुंग हटल्याचा आनंद सगळ्यांना आठवतो, पण त्यासोबत फुकटचं कुंपणही गेलं हे कुणी फारसं सांगत नाही.

नजर अडवणारं कुंपण आलं ते बंगल्याबरोबर. आधी रेल्वे लाईन्स, सात रस्ता भागातली साहेबी आवारं आणि मग कितीतरी वर्षांनी होटगी रोड, विजापूर रोडकडच्या वसाहती. घर प्लॉटच्या मधोमध आलं, अंगण घराबाहेर पडलं, आणि अंगणात खुर्ची टाकून बसलेला माणूस रस्त्यावरून दिसू लागला. कमरेएवढी कंपाउंड वॉल आणि तिच्या आतून मेंदी, हा नमुना तेव्हा ठरला.

या ‘मेंदी’ शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा कुठल्या रोगाने घातला नसेल. खरी मेंदी, हाताला लावतात ती, दुष्काळाला काटक आहे. तिला बारीक, सुगंधी, पांढरट फुलांचे घोस येतात. जुन्या फांद्यांची टोकं काट्यासारखी टोकदार होतात, म्हणून ती गुरं आणि नजर दोन्ही अडवते. पण पाण्याचा फारच ताण पडला की ती पानं टाकते, आणि अंगणात बसायच्या दिवसांतच आडोसा विरळ होतो.

दुसरी कडू मेंदी, म्हणजे कोयनेल. मेंदीशी हिचं काही नातं नाही. हिची पानं चुरगाळली तर उग्र वास येतो, रंग उतरत नाही. पांढऱ्या फुलातून लांब जांभळट पुंकेसर बाहेर डोकावतात. ही मूळची समुद्रकाठची, खाजणाच्या कडेची, म्हणून बोअरचं मचूळ पाणी तिला चालतं. बारा महिने हिरवी राहते आणि शेळी तिला सहसा तोंड लावत नाही. सोलापूरच्या आवारांत जी ‘मेंदी’ कातरलेली दिसते, त्यातली बरीचशी हीच.

तिसरा दुरंता, अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेला. त्याचा पिवळ्या पानांचा प्रकार नर्सरीत ‘गोल्डन मेंदी’ म्हणूनही खपतो. त्याची नारिंगी-पिवळी फळं विषारी असतात, लहान मुलं असतील तिथे हे आधी सांगायला हवं. आणि चौथी, हिंदीत जिला विलायती मेंदी म्हणतात ती. आपल्याकडे तिचं नाव जखमी. नाव एकच असल्याने लोकांनी सल्लेही एकमेकांत मिसळले. कोयनेलला झेपणारी दर महिन्याची कातरणी खऱ्या मेंदीवर चालवली आणि ती फुलत का नाही म्हणून माळ्याला बोल लावला. आमच्या घरीही एका बाजूला कोयनेल आणि दुसऱ्या बाजूला खरी मेंदी लागली होती. दोन्ही ‘मेंदीची रोपं’ म्हणून एकाच टेम्पोतून उतरलेली.

छाटणीचं मात्र द्राक्षवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी ज्याने केली आहे त्याला ठाऊक असतं की कापल्याशिवाय फुटवा नाही. पण बागेत ठिबक असतं, कुंपणाला ते बहुधा नसतं. म्हणून कुंपणाची मोठी छाटणी मृगाचे एक-दोन बरे पाऊस झाल्यावर आणि हलकी दसऱ्याच्या आसपास. मार्च ते मे फक्त वर आलेले शेंडे. त्या दिवसांत खोलवर कापलं तर आतली सावलीतली पानं उघडी पडून करपतात. आणखी एक, रोप पहिल्या वर्षी वीतभरावर कापायला जीव होत नाही. ते उंच गेलं की झालं, असं वाटतं. मग डोक्याएवढ्या उंचीवर झुपका आणि खाली नुसत्या काटक्या. कुंपण खाली रुंद आणि वर निमुळतं ठेवलं तरच खालच्या पानांना ऊन मिळतं. हातात कात्री असलेले बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

गेल्या काही वर्षांत या कटकटीवर कोनोकार्पस या परदेशी सदाहरित झाडाचा उपाय निघाला. भराभर वाढतो, दाट होतो, कसाही कापा. दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या भिंतींलगत तो आपल्याकडेही शिरला. गुजरातेत सप्टेंबर 2023 मध्ये वन खात्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कारणं दोन दिली गेली: परागकणांमुळे होणारा श्वसनाचा त्रास, आणि भूमिगत केबल व पाण्याच्या वाहिन्यांत घुसणारी मुळं. बाजू घेणारे म्हणतात, नियमित कापलेल्या झाडाला फुलं येतातच कुठे? म्हणणं खोटं नाही, पण नियमित कापायचं कुणी, यावर सोसायटीच्या बैठकीत एकमत झालेलं मी पाहिलं नाही. मुळांचं म्हणाल तर युरोपात हीच तक्रार विलोबद्दल असते, पाण्याच्या पाइपांपासून तो लांब लावा म्हणून.

काही आवारांतून कोनोकार्पस निघालाही. त्या जागी सध्या हिरवी शेडनेट बांधलेली असते, आणि तिच्या पायथ्याशी जुन्या कोयनेलचे ठोंब पावसाळ्यात पुन्हा फुटतात.