सायकलीमागचा काळोख

माझ्या भाचीला सातव्या वाढदिवशी नवी लाल सायकल मिळाली आणि त्याच दिवशी मी तिचे एक छायाचित्र काढले. त्यात ती एक पाय पॅडलवर आणि एक पाय जमिनीवर टेकवून उभी आहे, तिच्या चेहऱ्याची एक बाजू आणि सायकलीचा लाल दांडा लख्ख उजळला आहे, आणि मागचे आभाळ मात्र गडद निळसर, जवळजवळ काळे दिसते आहे. ज्यांनी ते पाहिले, त्यांतल्या काहींना ते रात्री काढले असावे असे वाटले, तर बाकीच्यांनी मागचा काळोख नंतर संगणकावर भरला असणार, असे ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात तेव्हा सूर्य मावळायला तासभर अवकाश होता आणि आभाळ ढगाळ असले, तरी उघड्यावर बसून बारीक टायपाचे पुस्तक सहज वाचता येईल इतका उजेड होता. त्या छायाचित्रातला काळोख खरा आहे, फक्त तो जागेवर नव्हता. तो कॅमेऱ्यात तयार झाला. कसा, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यामागचे भौतिकशास्त्र शाळेत शिकलेले असूनही आपण ते कधी असे वापरून पाहत नाही.

आपला डोळा उजेडाशी सतत जुळवून घेत असतो, त्यामुळे ‘उजेड’ आणि ‘अंधार’ या आपल्याला ठाम अवस्था वाटतात. कॅमेऱ्याला त्या तशा नसतात. शटर उघडे असताना संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश साठला, एवढाच त्याचा हिशेब असतो. नळाखाली ठेवलेल्या भांड्यात किती पाणी जमेल, हे जसे धार किती जाड आहे आणि नळ किती वेळ उघडा आहे या दोन्हींवर ठरते, तसेच हे आहे. धारेची जाडी ठरवते ते भिंगातले छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि वेळ ठरवते ते शटर.

आता त्या दिवशीच्या दृश्यात प्रकाशाचे दोन स्रोत होते: ढगांतून झिरपणारा दिवसाचा उजेड आणि स्टँडवर बाजूला उभा केलेला फ्लॅश. दिवसाचा उजेड संथ धारेसारखा सतत येत राहतो. फ्लॅशचे तसे नाही. त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टला भारलेला असतो आणि त्यातली ऊर्जा झेनॉन वायूच्या नळीतून एकदम मोकळी होते. पूर्ण क्षमतेला हा लखलखाट साधारण सेकंदाचा हजारावा भाग टिकतो आणि क्षमता कमी केली, की इलेक्ट्रॉनिक स्विच तो मध्येच तोडत असल्यामुळे आणखी आखूड होतो. पाण्याच्याच भाषेत सांगायचे, तर एक धार चालू असताना कोणीतरी वरून एक तांब्या भसकन ओततो. नळ लवकर बंद केला, तर धारेचे पाणी कमी जमेल. पण तांब्यातले पाणी मात्र, नळ किती वेळ उघडा होता याच्याशी काहीही संबंध नसल्यामुळे, पूर्ण जमेल. या साऱ्या प्रकरणाचे मर्म एवढेच आहे आणि मला स्वतःला ते कळले तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. शटरचा वेग फक्त दिवसाच्या उजेडाला कापतो, फ्लॅशला तो हात लावत नाही. अ‍ॅपर्चर दोघांनाही सारखेच कापते, पण त्याची भरपाई फ्लॅशची ताकद वाढवून करता येते. सूर्याची ताकद वाढवणे कोणाच्या हातात नसते.

आकड्यांत मांडू. छायाचित्रकार प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याला ‘एक स्टॉप’ म्हणतात. मागचे आभाळ आणि झाडे डोळ्यांना दिसतात तशी येण्यासाठी, आयएसओ, म्हणजे संवेदकाची संवेदनशीलता, १०० असताना, अ‍ॅपर्चर एफ ५.६ आणि शटर सेकंदाचा १००वा भाग, असे मापन त्या दिवशी मिळाले. मी अ‍ॅपर्चर एफ ११ केले. एफ-क्रमांक दुप्पट झाला म्हणजे छिद्राचा व्यास निम्मा झाला, व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ एक चतुर्थांश झाले. हे दोन स्टॉप. शटर सेकंदाच्या २००व्या भागावर आणले. हा आणखी एक. तीन स्टॉप म्हणजे आठवा भाग. आभाळाकडून यायचा त्याच्या केवळ एक अष्टमांश प्रकाश संवेदकावर पोहोचला आणि ढगाळ संध्याकाळची रात्र झाली. या रात्रीत भाचीही बुडाली असती, पण तिच्यापुरती भरपाई फ्लॅशने केली. त्याचा निर्देशांक ४४ आहे, म्हणजे आयएसओ १००ला अंतर आणि एफ-क्रमांक यांचा गुणाकार ४४ आला, की उजेड बरोबर पडतो. फ्लॅश भाचीपासून दोन मीटरवर होता. दोन मीटर आणि एफ ११ यांचा गुणाकार २२ होतो, म्हणजे निर्देशांक निम्मा पुरे, आणि प्रकाश निर्देशांकाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे फ्लॅशची एक चतुर्थांश ताकदच पुरेशी ठरली.

मग शटर आणखी वेगवान करून आभाळ अगदीच काळेकुट्ट का केले नाही, असे कोणी विचारील. अडचण यंत्राची आहे. यांत्रिक शटर म्हणजे संवेदकासमोरचे दोन पडदे असतात. पहिला बाजूला सरकून वाट मोकळी करतो आणि ठरलेल्या वेळाने दुसरा त्याच्या मागोमाग येऊन ती बंद करतो. पडद्याला संवेदक ओलांडायला साधारण सेकंदाचा २५०वा भाग लागतो. शटरचा वेळ याहून मोठा असेल, तर संपूर्ण संवेदक एकाच वेळी उघडा असण्याचा एक क्षण येतो आणि फ्लॅश नेमका त्या क्षणी उडतो. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणला, की पहिला पडदा पाव वाट चालून जातो न जातो तोच दुसरा निघतो. चौकटीच्या पाव उंचीची एक फट सरकत जाते आणि फ्लॅश तेवढ्याच पट्टीवर उमटतो. उरलेल्या भागावर फक्त दिवसाचा उजेड, म्हणजे आपण आधीच कापून टाकलेला. सेकंदाचा २००वा किंवा २५०वा भाग ही मर्यादा बहुतेक कॅमेऱ्यांत आढळते, ती यामुळे.

मागच्या काळोखाला दुसरा आधार व्यस्त वर्गाच्या नियमाचा आहे. प्रकाश स्रोतापासून पसरत जातो, त्यामुळे अंतर दुप्पट झाले, की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर वाटला जातो. केप्लरने १६०४ साली प्रकाशशास्त्रावरील आपल्या ग्रंथात हे मांडले. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, म्हणून आपण दहा पावले पुढे गेलो काय नि मागे आलो काय, ऊन तेवढेच राहते. दोन मीटरवरच्या फ्लॅशचे तसे नाही. भाचीच्या मागे दहा मीटरवर भिंत होती, म्हणजे फ्लॅशपासून ती बारा मीटर झाली. अंतर सहापट, उजेड छत्तिसावा भाग. भिंत आपोआप अंधारात गेली. फ्लॅश चार मीटरवर नेला असता, तर तीच भिंत १४ मीटरवर, म्हणजे साडेतीनपट दूर आली असती आणि तिच्यावर मुलीच्या तुलनेत सुमारे बारावा भाग उजेड पडला असता. नाट्यमय उजेडासाठी प्रखर दिवा लागतो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. दिवा जवळ लागतो.

याच नियमाने एका अंधश्रद्धेचेही उत्तर मिळते. फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रांत कधीकधी मुलाभोवती फिकट गोल वर्तुळे तरंगताना दिसतात आणि ती अतृप्त आत्म्यांची किंवा मुलाच्या तेजोवलयाची खूण असल्याचे सांगितले जाते. ती धूळ असते. फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवलेला असेल आणि त्याच्यापासून पाच सेंटिमीटरवर एक कण तरंगत असेल, तर दोन मीटरवरच्या मुलाच्या तुलनेत तो चाळीसपट जवळ असतो आणि त्याच्यावर १६०० पट तीव्र उजेड पडतो. भिंगाच्या इतक्या जवळचा कण फोकसमध्ये येऊच शकत नाही, म्हणून त्याची फुगलेली तबकडी होते आणि ती तबकडी अ‍ॅपर्चरचा आकार घेते. छिद्राची पाती सहा असतील, तर तथाकथित आत्मा षटकोनी निघतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला ठेवला, की ही वर्तुळे नाहीशी होतात. लहान मुलांच्या छायाचित्रांवरून घरच्यांना घाबरवणाऱ्यांना हे ठणकावून सांगितले पाहिजे.

उजेडाचा काठ मऊ असावा की धारदार, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ग्रहणात दडले आहे. सूर्य आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे एक मीटर दूर पडणाऱ्या सावलीच्या काठाला सुमारे नऊ मिलिमीटरची उपच्छाया, म्हणजे गडद सावलीभोवतीची फिकट किनार, असते. माझ्या फ्लॅशचे तोंड सात सेंटिमीटर रुंद आहे. दोन मीटरवरून ते दोन अंशांचे भरते, आणि नाकाची गालावर, समजा तीन सेंटिमीटरवर, पडणारी सावली जेमतेम एक मिलिमीटरच्या काठाने तुटते. म्हणून पहिल्या छायाचित्रात चेहरा रागीट वाटला. मग फ्लॅशला ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरे कापड ताणलेली पेटी, लावून तो एक मीटरवर आणला. आता हाच काठ जवळजवळ दोन सेंटिमीटरचा झाला, म्हणजे सावली विरून गेली आणि गालाची गोलाई दिसू लागली. सॉफ्टबॉक्सच्या कापडाने सुमारे दोन स्टॉप प्रकाश खाल्ला, पण अंतर निम्मे झाल्यामुळे चौपट उजेड परत मिळाला आणि फ्लॅशची ताकद बदलावी लागली नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागली: पुढचे चाक दिव्यापासून एक मीटरवर आणि मागचे दोन मीटरवर असल्यामुळे मागच्या चाकावर एक चतुर्थांशच उजेड पडला. मला ते आवडले. ज्याला संपूर्ण सायकल ठळक हवी असेल, त्याने दिवा मागे न्यावा. फोनमध्ये असा उजेड एका बोटाने मिळतो अशी जाहिरात असते, पण तेथे चेहऱ्याच्या अंदाजे आकारावर गणिताने छटा चढवलेली असते. हँडलची सावली सदऱ्याच्या चुण्यांवरून वळत जाते तशी वळवणे त्या गणिताला साधतेच असे नाही.

थोड्या वेळाने भाचीने सायकल चालवायला सुरुवात केली. ताशी नऊ किलोमीटर म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. चाक घरंगळत असते, त्यामुळे त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि सर्वांत वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला पाच मीटर वेगाने पुढे जातो. फ्लॅश न लावता सेकंदाच्या २००व्या भागात काढलेल्या छायाचित्रात चाकाचा वरचा काठ अडीच सेंटिमीटर पुसट झाला आणि खालचे आरे मात्र एकेक मोजता आले. फ्लॅश लावल्यावर वरचे आरेही थांबले, कारण एक चतुर्थांश ताकदीचा लखलखाट सुमारे सेकंदाचा चार हजारावा भाग टिकतो आणि तेवढ्यात तो काठ सव्वा मिलिमीटरच सरकतो. छायाचित्रणाचे आद्य संशोधक टॅलबट यांनी १८५१ साली फिरत्या चकतीवर चिकटवलेला छापील कागद विजेच्या ठिणगीच्या उजेडात टिपला आणि अमेरिकन अभियंते एजर्टन यांनी १९३०च्या दशकात वायूच्या नळीतल्या झगमगाटाने हे तंत्र पूर्णत्वास नेले. दोघांच्याही प्रयोगांत शटरऐवजी प्रकाशानेच वेळ कापला होता.

सायकलीच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरविषयी थोडेसे. त्याच्या आत एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे असंख्य कोपरे असतात आणि अशा कोपऱ्यात शिरलेला किरण जेथून आला तेथेच परततो. अपोलो ११ने १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या लेसरच्या आरशांतही असेच शंभर कोपरे आहेत. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल, तर सगळा प्रकाश भिंगात परत येतो आणि रिफ्लेक्टरच्या जागी भगभगीत ठिपका उरतो. बाजूच्या फ्लॅशचा प्रकाश बाजूच्या फ्लॅशकडेच परत गेला आणि रिफ्लेक्टर शांत लाल राहिला.

ज्यांना अजूनही मागचा काळोख संगणकावर भरलेला वाटतो, त्यांना मी हँडलवरची घंटी मोठी करून पाहायला सांगतो. तिच्या तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या चकचकीत घुमटात बहिर्वक्र आरशाप्रमाणे सारा परिसर सामावला आहे. एका बाजूला सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन आहे, दीड मीटरवरून जेमतेम सहा मिलिमीटर रुंद झालेला. त्याच्या खाली कॅमेरा धरलेली माझी काळी आकृती आहे. आणि उरलेल्या घुमटभर दिवसाचे ढग पसरले आहेत, त्यांच्या कडा आणि झाडांचे शेंडे यांच्यासह, तीन स्टॉपांनी मंद झालेले.