चढा आवाज आणि चांगला सुपरवायझर

जळगावच्या डाळमिलमध्ये तेलपाणी लावलेली तूर पटांगणात वाळत असते, आणि अवकाळीचे ढग दिसू लागले की ती केव्हा उचलायची हे सुपरवायझरला ठरवावे लागते. एखादा अशा वेळी साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम सोडतो. दुसरा खाली बसून मूठभर तूर तळहातावर घेतो, दाणा दाताखाली धरून पाहतो आणि पायाने तूर हलवणाऱ्या बाईला विचारतो, ‘‘मावशी, अजून किती ऊन लागेल?’’ बढती बहुधा पहिल्याला मिळते.

बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, नवे अनुभवण्याची ओढ, सलोख्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता हे मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य गुणविशेष मानले जातात. संशोधक टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आधीच्या अभ्यासांतल्या ७३ नमुना-गटांचे निष्कर्ष एकत्र करून या गुणांचा नेतृत्वाशी असलेला सहसंबंध तपासला. शून्य म्हणजे संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, असे धरले तर नेता म्हणून पुढे येण्याशी बहिर्मुखतेचा संबंध ०.३३ आणि सलोख्याचा अवघा ०.०५ होता. मात्र पुढे आल्यावर काम किती परिणामकारक झाले हे पाहिले, तेव्हा हेच आकडे ०.२४ आणि ०.२१ झाले. मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: जो गुण माणसाला खुर्चीपर्यंत पोहोचवत नाही, तो खुर्चीत बसल्यावर उपयोगी पडतो. अर्थात हे संबंध मध्यम ताकदीचेच आहेत. त्यांवरून एकट्या माणसाचे भाकीत करता येत नाही.

हाताखालची माणसे कशी आहेत, यानेही फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास केला. सांगेल तेवढेच करणारे कर्मचारी असतील, तेथे बहिर्मुख प्रमुखाच्या दुकानाला जास्त नफा होता. स्वतःहून सुधारणा सुचवणारे असतील, तेथे कमी. बोलक्या प्रमुखाला त्यांच्या सूचना मानवत नाहीत, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले.

शिवाय ‘परिणामकारक’ हा शेरा बहुतेक वेळा वरिष्ठांच्या किंवा कामगारांच्या मतावरूनच ठरतो, आणि साहेब कसा असावा याचे चित्र प्रत्येकाच्या मनात आधीच तयार असते. म्हणून मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘नेतृत्वगुण’ असा एकच रकाना ठेवण्याऐवजी, गेल्या महिन्यात सुपरवायझरने तुमचे कोणते म्हणणे ऐकले, हे पटांगणातल्या मावशींना विचारायला हवे.