एकच रिसीव्हर, चार दिशा

राउटरला जितक्या दांड्या जास्त तितकी रेंज जास्त, हा समज पक्का रुजलेला आहे. दांड्या वाढल्या की बहुधा त्यांच्यामागची इलेक्ट्रॉनिक्सही वाढते, आणि ती वीज खाते. इंदुरात बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. राजेंद्रनगरातल्या एखाद्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीची पातळी तळमजल्यावर कळायला लोराचा (थोड्या विजेवर थोडी माहिती दूर पाठवणाऱ्या रेडिओ तंत्राचा) एक स्वस्त रिसीव्हर पुरतो. त्याच्या अँटेनाने कुठल्या दिशेचं ऐकायचं ते बदलण्याचं काम रिसीव्हर न जोडलेल्या तारांकडून करून घ्यायचं.

लोराच्या ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंमी. ३५ सेंमी चौरस ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या मधोमध ८.२ सेंमीची उभी तार, पत्र्याला न टेकलेली, रिसीव्हर हिलाच. तिच्यापासून ८.६ सेंमीवर चार बाजूंना ८.७ सेंमीच्या चार तारा. यातली एक पत्र्याला जोडली की येणाऱ्या लहरीमुळे तिच्यात प्रवाह उठतो. तार अनुनादाच्या, म्हणजे या लहरीला सर्वात जोरात साद देणाऱ्या, लांबीपेक्षा जराशी जास्त असल्याने तो प्रवाह किंचित मागे पडतो. तिने परत फेकलेली लहर एका बाजूला मूळ लहरीला जोर देते, दुसऱ्या बाजूला तिला मारते. म्हणजे तार आरसा होते. तीच पत्र्यापासून तोडली तर अनुनादापासून इतकी दूर जाते की जवळपास नसल्यासारखीच. यागी आणि उदा यांनी १९२६ च्या सुमारास जपानमध्ये मांडलेलं हेच तत्त्व टीव्हीच्या जुन्या अँटेनात होतं. फक्त तो फिरवायला गच्चीवर चढावं लागे.

लांबी आणि जागा नेमकी असते म्हणून तारेचा तुकडा हे करू शकतो.

तार पत्र्याला जोडणं-तोडणं करतो तिच्या बुडाशी असलेला पिन डायोड, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा रेडिओ लहरींचा स्विच. ३.३ व्होल्टवर ४७० ओहममधून सुमारे ५ मिलिअँपिअर पुरतात, तेही रिसीव्हर ऐकत असेल तेवढाच वेळ. इंदुरातल्या महाराणी रोडवर सहज मिळणारा १एन४००७ हा साधा डायोड इथे चालत नाही: त्याची सुमारे १५ पिकोफॅरडची धारिता (कपॅसिटन्स) या वारंवारतेला जेमतेम १२ ओहमचा अडथळा ठरते, म्हणजे ‘बंद’ही चालूच. डायोडला वीज देणाऱ्या वायरीत तारेच्या बुडाला अगदी चिकटून २२० नॅनोहेन्रीचा चोक, म्हणजे रेडिओ लहर अडवणारं वेटोळं, हवा. नाहीतर ती वायरच अँटेना होऊन बसते.

चारही दिशा आळीपाळीने ऐकून सर्वोत्तम निवडायची. निवड नुसत्या सिग्नलच्या ताकदीवर करू नये, गोंगाटाशी असलेलं गुणोत्तर पाहावं. ताकदच पाहिली तर अँटेना शेजारच्या इन्व्हर्टरकडे तोंड करून बसेल. आणि निवडलेली दिशा टाकीकडे नसून समोरच्या भिंतीकडे निघाली, तर ती बदलायची गरज नाही: तिथून परावर्तित होऊन येणारी लहरच जास्त स्वच्छ आहे.