बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा चाप बदलायचा आहे? परवाना, कागदपत्रं आणि कारागिराची निवड

नवी रायफल हातात आल्यावर तक्रार बहुतेक वेळा चापाचीच असते. जड आहे, ओढताना किरकिरतो, नेमका कुठे सुटणार ते बोटाला कळत नाही. मग कुठल्यातरी परदेशी व्हिडिओत एक गृहस्थ जेवणाच्या टेबलावर दोन पिना ठोकून काढतात आणि बघता बघता नवा चाप बसवून मोकळे होतात. त्यांच्या देशात ते चालतं. आपल्याकडे मात्र स्क्रू-ड्रायव्हर उचलायच्या आधी शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं कलम ५ एकदा वाचून घ्यावं.

हे कलम परवान्याशिवाय शस्त्र बनवायला आणि विकायला मनाई करतं, तशीच दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी करायलाही मनाई करतं. ‘धंदा म्हणून’ आणि ‘घरच्या घरी’ असा फरक त्यात केलेला नाही. शस्त्र बाळगायचा परवाना तुमच्याकडे आहे म्हणजे ते दुरुस्त करायचा आहे, असं होत नाही. हे दोन परवाने वेगळे. कलम ५ मोडलं तर शिक्षा कलम २५ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड. चापाच्या दोन पिनांसाठी एवढी जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. अधिनियमातल्या ‘फायरआर्म’च्या व्याख्येत बंदुकीचे भागही येतात. त्यामुळे खोक्यातला नवा चाप ही हार्डवेअरच्या दुकानातली वस्तू ठरत नाही. क्लबातल्या मित्राने त्याचा जुना चाप ‘ठेव तुला’ म्हणून दिला, तरी तो व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फत आणि पावतीवरच व्हावा.

मालकाला काय करता येतं

साफसफाई आणि तेलपाणी ही नेहमीची निगा आहे, दुरुस्ती नव्हे. स्पर्धेच्या .२२ रायफलींना कंपनीच चाप जुळवायचे स्क्रू देते: वजन (म्हणजे चाप सुटायला बोटाला लावावा लागणारा जोर) कमी-जास्त करण्याचा एक, पहिल्या टप्प्याची लांबी ठरवणारा एक, चापाची पाती बोटाच्या मापाने पुढे-मागे सरकवणारा एक. हे स्क्रू माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत फिरवणं म्हणजे रायफल जशी घडवली आहे तशी वापरणं, माशी आणि साईट जुळवण्यासारखंच, असं माझं मत आहे. क्लबांतही तोच शिरस्ता आहे. पण सील केलेला किंवा लाख लावलेला स्क्रू उकरणं, सिअरची धार घासणं, स्प्रिंग कापणं किंवा अख्खा चाप-संच बदलणं ही कारागिराची कामं आहेत. सिअर म्हणजे चाप ओढेपर्यंत फायरिंग पिनला अडवून धरणारा तुकडा. तो हाताने घासला आणि त्याचा कोन जरासा चुकला, तर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, जोरात बंद करतानाच गोळी सुटू शकते.

आणि हे धोके फक्त हौशी हातांचेच नसतात. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने २०१४ च्या एप्रिलमध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली एक्स-मार्क प्रो चापासाठी परत मागवल्या. कारखान्यात जोडणी करताना चिकट द्रव्य जास्त वापरलं गेलं होतं आणि त्यामुळे काही परिस्थितीत चाप न ओढताच गोळी सुटण्याची शक्यता होती. मे २००६ पासून २०१४ च्या एप्रिलपर्यंत बनलेल्या रायफली त्यात आल्या. कारखान्याच्या हातून हे घडू शकतं, तर घरच्या टेबलाचं काय सांगावं!

काम कोण देऊ शकतं

रायफल स्वतःच्या वैध परवान्यावर असेल तर प्रश्नच नाही. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते, पूर्वी तीन होती. ती संपली असेल तर आधी नूतनीकरण, मगच दुरुस्ती. मुदतबाह्य परवान्यावर रायफल घेऊन गावभर फिरणं हाच वेगळा गुन्हा होऊन बसतो. अशा वेळी कलम २१ प्रमाणे शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पोलीस अहवालाला लागणारा वेळ धरून नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन-तीन महिने आधीच टाकावा.

रायफल क्लबची असेल तर सभासदाचा हात चापापाशी थांबतो. मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला .२२ रायफल किंवा एअर रायफल नेमबाजीच्या सरावासाठी वापरताना बंदुकांच्या संख्येची मर्यादा लागू होत नाही, ही सवलत कलम ३ मध्ये आहे. पण ती दुरुस्तीची सवलत नव्हे. चापाबद्दलची तक्रार लेखी स्वरूपात सचिवाकडे द्यायची. कारागिराकडे रायफल क्लब पाठवतो.

वडिलांच्या नावावरची रायफल वडील गेल्यावर घरातच राहिली आहे, अशी घरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्या रायफलीला दुरुस्तीला नेणारा वारस हा कायद्याच्या नजरेत विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो. तेव्हा आधी शस्त्र जमा करा, वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करा, चापाचं नंतर बघू.

ज्यांच्याकडे अजून परवानाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वय २१ पूर्ण हवं आणि अर्ज एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर भरायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत निर्णय आयुक्तांचा, बाकी जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा. सामान्य नागरिकाला आता दोनच बंदुका ठेवता येतात. नामांकित नेमबाजांना २०२० च्या अधिसूचनेने वेगळी मुभा दिली आहे: एका प्रकारात नामांकित असेल तर आठ, दोन प्रकारांत दहा, त्याहून अधिक प्रकारांत बारा.

कारागीर आणि कागद

बंदुकीचं दुकान आहे म्हणजे तिथे दुरुस्तीचाही परवाना असेल, हे गृहीत धरू नका. विक्री आणि दुरुस्ती ही परवान्यात स्वतंत्रपणे लिहिलेली कामं असतात. भिंतीवर लावलेला परवाना वाचा, मुदत बघा, ‘दुरुस्ती’ हा शब्द शोधा. विचारायला संकोच वाटायचं कारण नाही, खरा कारागीर स्वतःच दाखवतो. जो ‘कागद राहू द्या हो, संध्याकाळी या’ म्हणतो, त्याच्याकडून रायफल उचला आणि निघा.

सोबत नेण्याचे कागद फार नाहीत. मूळ परवाना, त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) स्पष्ट दिसेल अशी एक छायाप्रत, ओळखपत्र, रायफलची खरेदी पावती आणि असल्यास माहितीपुस्तिका. स्पर्धक असाल तर क्लबचं किंवा राज्य संघटनेचं ओळखपत्र. रायफल रिकामी, बोल्ट वेगळा काढून, बंद पेटीत. काडतुसं घरीच. चाप जुळवायला काडतूस लागत नाही.

परवान्याची हद्दही बघून घ्या. काहींचा परवाना जिल्ह्यापुरता, काहींचा राज्यापुरता, काहींचा भारतभर असतो. कोल्हापूरच्या नेमबाजाला बेळगावचा कारागीर जवळ पडतो, पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सीमा ओलांडण्याआधी परवाना शाखेकडून हद्दवाढ किंवा प्रवासाची परवानगी घ्यावी लागते.

स्वतः जाता येत नसेल तर कलम ३ च्या परंतुकात सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती स्वतःचा परवाना नसतानाही शस्त्र दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी नेऊ शकते. हे पत्र साध्या कागदावर चालतं. मजकूर साधारण असा: ‘मी, खाली सही करणार, परवाना क्रमांक अमुक, यूआयएन अमुक, माझी अमुक बोअरची, अमुक क्रमांकाची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल चापाच्या दुरुस्तीसाठी अमुक परवानाधारक कारागिराकडे नेण्याचा व परत आणण्याचा अधिकार श्री./श्रीमती अमुक यांना अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत देत आहे.’ खाली दोघांच्या सह्या, सोबत परवान्याची प्रत. तारखा घालायला विसरू नका. बिनतारखेचं पत्र नाकाबंदीत फारसं कामाचं नाही.

कारागिराकडून दोन पावत्या घ्यायच्या. पहिली रायफल ताब्यात घेतल्याची, तिच्यावर बोअर, क्रमांक आणि तारीख. दुसरी काम झाल्याची, तिच्यावर काय बदललं, कुठला भाग बसवला आणि जुना भाग परत दिला की नाही. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक असतो, चापाचा रकाना नसतो. तरीही काम झाल्यावर परवाना शाखेला किंवा पोलीस ठाण्याला चार ओळींचं माहितीपत्र देऊन पोच घ्यावी, असं मी सगळ्यांना सांगतो. उद्या तपासणीत कोणी ‘हे कंपनीचं दिसत नाही’ म्हणालं तर पोच दाखवता येते. नळी किंवा बोल्ट बदलायचा असेल तर मात्र माहितीपत्रावर भागत नाही. तिथे क्रमांकाचा प्रश्न येतो आणि आधी परवानगी लागते.

.३१५ वाल्यांसाठी थोडं जास्त

ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ बोअर रायफल ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नवा चाप शोधायच्या आधी लाकूड बघावं. ही रायफल ली-एनफिल्डच्या जुन्या घडणीवर आहे. त्या घडणीत चाप रायफलच्या लोखंडी अंगाला टांगलेला नसून खालच्या ट्रिगर गार्डला टांगलेला असतो, आणि तो ज्या सिअरला ढकलतो तो वर अंगाला. दोघांच्या मध्ये लाकूड. पावसाळ्यात कोकणात किंवा महाबळेश्वरला लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि त्याबरोबर चाप आणि सिअर यांच्यातलं अंतर हलतं. मग मे महिन्यात छान वाटलेला चाप ऑगस्टमध्ये वेगळाच लागतो. चापाच्या पाठीवर दोन उंचवटे असतात, एक पहिल्या टप्प्याचा आणि दुसरा सोडण्याचा; अंतर बदललं की हे दोन टप्पे एकमेकांत मिसळतात. पुढे ब्रिटिशांनी नंबर ४ रायफलच्या नंतरच्या आवृत्तीत चाप थेट अंगाला टांगला, तो याच त्रासामुळे. अशा वेळी कारागिराला ‘चाप बदला’ न म्हणता ‘लाकडाची बैठक आणि गार्डचे स्क्रू आधी तपासा’ म्हणावं. काम स्वस्तात होतं आणि सिअरला हात लागत नाही.

परदेशातून मागवायचा असेल तर

‘न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीला येतोय, त्याच्या बॅगेत येईल’ हा बेत मनातच राहू द्या. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने नियंत्रण असतं ते रायफलच्या रिसीव्हरवर, म्हणजे लोखंडी अंगावर, त्यामुळे बोल्ट-अ‍ॅक्शनचा चाप तिथे दुकानात सहज मिळतो. ब्रिटनमध्येही परवान्याखाली येणारे भाग म्हणजे नळी, रिसीव्हर, बोल्ट अशा स्वरूपाचे. पण तोच चाप सामानातून मुंबईत उतरला की कलम १० प्रमाणे तो विनापरवाना आयात ठरतो आणि अडकतो मावसभाऊ. नेमबाजांसाठी रीतसर वाट राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीतून जाते, म्हणजे राज्य संघटना, मग राष्ट्रीय, मग आयात परवाना. इतरांनी आयात परवाना असलेल्या विक्रेत्यामार्फतच मागवावा. दोन्हीकडे वेळ लागतो, तेव्हा स्पर्धेच्या मोसमाआधी पुरेसं अंतर ठेवून अर्ज करावा.

स्पर्धकांनी नवा चाप निवडताना नियमपुस्तिकाही उघडावी. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सला चापाच्या किमान वजनाची अट नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र ती १५०० ग्रॅम आहे. म्हणजे हलका करून आणलेला चाप एका प्रकारात चालेल आणि दुसऱ्यात तपासणीच्या टेबलावरच बाद होईल. कारागिराला वजन ग्रॅममध्ये लिहून द्या. ‘जरा मऊ करा’ हे माप नव्हे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे परवान्यावरची शस्त्रं जमा करायला सांगितली जातात. रायफल तेव्हा कारागिराकडे असेल तर ताब्यात घेतल्याच्या पावतीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि तिथे लेखी कळवा, म्हणजे ‘शस्त्र जमा केलं नाही’ म्हणून नोटीस येणार नाही. खेळाडूंना सूट मिळू शकते, पण ती अर्ज केल्यावर. त्या अर्जाला संघटनेचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक जोडावं.