ओशिमाने कलेची ढाल का नाकारली?

जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमाच्या ‘आई नो कोरीदा’ (१९७६; शब्दशः, प्रेमाची बैलझुंज) या चित्रपटाची बाजू घेताना आपण हटकून म्हणतो, ही अश्लीलता नव्हे, कला आहे. गंमत म्हणजे खुद्द ओशिमाने न्यायालयात हा बचाव घेतलाच नाही.

त्याला कारण होतं. डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीच्या जपानी अनुवादासाठी अनुवादक सेई इतो आणि त्याचा प्रकाशक यांना जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दोषी ठरवलं होतं. कलाकृती असूनही एखादी गोष्ट अश्लील असू शकते, असं त्या निकालाचं म्हणणं. अश्लील साहित्याचं वितरण गुन्हा ठरवणाऱ्या जपानी दंडसंहितेच्या कलम १७५ पुढे कलेचा दाखला तेव्हापासूनच लंगडा पडला होता.

ओशिमा क्योतो विद्यापीठात कायदाच शिकला होता. फ्रेंच निर्माता अनातोल दोमां मिळाल्यावर त्याने चित्रीकरण जपानमध्ये केलं, पण जपानी कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून रिळं न धुता फ्रान्सला पाठवली. कागदोपत्री चित्रपट फ्रेंच! फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तो गाजला, न्यूयॉर्क महोत्सवात कस्टम्सने अडवला आणि मायदेशी आयात माल म्हणून, काटछाट होऊन परतला. खटला उभा राहिला तो पटकथा आणि छायाचित्रांच्या पुस्तकावर. तिथे ओशिमाचा सवाल होता: अश्लील असण्यात वाईट काय? १९७९ मध्ये तो निर्दोष सुटला. १९८२ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केलं.

मला मात्र कलेचा मुद्दा सोडवत नाही. चित्रपटामागची घटना खरी आहे. मे १९३६ मध्ये टोकियोत आबे सादा या स्त्रीने प्रियकर किचिझो इशिदाला गळा आवळून मारलं आणि त्याचं लिंग कापून सोबत नेलं. त्याच फेब्रुवारीत तरुण लष्करी अधिकाऱ्यांचा उठाव झाला होता. चित्रपट बहुतांशी बंद खोल्यांत घडतो. एका दृश्यात किचिझो रस्त्याने चाललाय, समोरून सैनिकांची रांग येतेय, कडेला लोक झेंडे हलवताहेत, आणि तो कडेकडेने उलट दिशेला निघून जातो. त्या खोल्यांची दारं कोणासाठी बंद होती, ते तेव्हा कळतं.

लहान मुलाला सादा दुखावते ते दृश्य मात्र मला समर्थनीय वाटत नाही. आणि किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. ओशिमाच्या पुढच्या चित्रपटाला १९७८ मध्ये कानला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. त्यातही नायक तात्सुया फुजीच होता. सादा झालेली एइको मात्सुदा त्यात नव्हती.