यंत्र तेच, मग उत्पादन दुप्पट कसं?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधलं एक सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणारं यंत्र, घेऊ. समजा एका जॉबचा, म्हणजे एक भाग घडवायचा, सायकल टाइम 3 मिनिटं आहे आणि जेवण-चहा वगळून पाळीत 450 मिनिटं मिळतात. कागदावर 150 जॉब निघायला हवेत. पण पाळीत दोनदा जॉबचा प्रकार बदलतो आणि यंत्र नव्याने जुळवावं लागतं. ही जुळणी करणाऱ्या नवख्या सेटरला दर सेटिंगला दोन तास लागले, तर उरलेल्या 210 मिनिटांत 70 जॉब होतात. त्यातले सात रिजेक्ट, म्हणजे हाती 63. मुरलेला सेटर टूल आधीच होल्डरमध्ये बांधतो, प्रोग्राम तपासतो, गेज हाताशी ठेवतो. त्याचं सेटिंग 25 मिनिटांत होतं. 400 मिनिटांत 133 जॉब आणि रिजेक्ट तीन. हाती 130!

आता मालकाने कर्ज काढून दुसरं लेथ आणलं आणि सेटर तोच नवखा ठेवला, तर चार सेटिंगलाच 480 मिनिटं हवीत. पाळी संपते, सेटिंग संपत नाही. भांडवलाला घटत्या फलाचा नियम लागतो तो असा: बाकी सगळं तेच ठेवून नुसती यंत्रं वाढवली, तर दर नव्या यंत्राचा फायदा कमी होत जातो.

देशाचा हिशेबही याच रीतीने मांडतात. कामगारामागे उत्पादन 5 टक्के वाढलं, भांडवल 6 टक्के वाढलं आणि उत्पन्नात भांडवलाचा वाटा एक तृतीयांश धरला, तर भांडवलाचं श्रेय 2 टक्के. शिक्षण-कौशल्याचं अर्धा टक्का धरू. उरलेले अडीच टक्के, ज्यांचं श्रेय यांतल्या कशालाच देता येत नाही, ते म्हणजे एकूण घटक उत्पादकता. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळाचा असा हिशेब केला, तेव्हा श्रमतासामागच्या वाढीतला जेमतेम आठवा भाग भांडवलाचा निघाला. त्यांच्या 'उरलेल्या'त मात्र कौशल्यही मिसळलेलं होतं.

या उरलेल्या भागात जागतिक व्यापार शिरतो, तो मुख्यतः मोजमापाची शिस्त घेऊन. 2010 साली आपली द्राक्षं युरोपात अडकली, कारण खरड छाटणीनंतर वाढ रोखायला वापरतात ते क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी, किलोमागे 0.05 मिलीग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. नुकसान मोठं झालं, पण त्यानंतर फळात उरलेल्या रसायनांच्या अंशाची तपासणी कडक झाली. द्राक्षं पेट्यांत भरतात त्या पॅकहाऊसमध्येही तेच. प्रीकूलिंगला, म्हणजे तोडलेला माल झटपट थंड करायला, उशीर झाला की देठ सुकतात. माल गरम असतानाच पेटी बंद केली, तर आत पाणी सुटतं, बुरशी रोखायला ठेवलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडमधून वायू एकदम बाहेर पडतो आणि मण्यांवर पांढरे डाग येतात. शीतगृह कितीही महागडं असो, ही चूक ते झाकत नाही. म्हणूनच यंत्राच्या कर्जाइतकीच सेटरच्या आणि पॅकहाऊसमधल्या बायांच्या प्रशिक्षणाची तरतूद व्हायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. गारपिटीच्या वर्षी बागा झोडपल्या जातात. कौशल्य आणि भांडवल तेवढंच राहूनही हिशेबात उत्पादकता घसरलेली दिसते. मंदीत यंत्रं रिकामी राहिली तरी तसंच होतं. त्यामुळे एका वर्षाचा आकडा धरू नये, निदान पाच वर्षांची सरासरी पाहावी.