पंथाबाहेरचा मार्गदर्शक: पुण्यातील ख्रिस्ती सहवासाची पार्श्वभूमी

पुण्यात पाळक आणि फादर एकाच व्यासपीठावर दिसले, तर आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु प्रॉटेस्टंट माणसाने कॅथलिक धर्मगुरूकडे वर्षानुवर्षे जाऊन आपल्या प्रार्थनाजीवनाला वळण लावून घेणे, किंवा कॅथलिकाने पाळकाचा सल्ला मानणे, ही त्याहून खोल गोष्ट आहे आणि तिला मोकळी वाट मिळून जेमतेम साठ वर्षे झाली आहेत.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, ऐक्यविषयक आदेशाने कॅथलिकांना इतर पंथीयांसोबत ऐक्यासाठी प्रार्थना करण्याची मुभा दिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट परंपरा एका मंडळीत विलीन झाल्या. शिवाजीनगरात १९२७ मध्ये अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. एका छपराखालची रोजची उपासना कोणत्याही परिसंवादापेक्षा अधिक शिकवते, असे मला ठामपणे वाटते.

खरा गुंता ‘आध्यात्मिक मार्गदर्शन’ या शब्दाचा आहे. कॅथलिक परंपरेत प्रार्थनेची वाट दाखवणारा आणि पापनिवेदन ऐकून क्षमा देणारा ही अनेकदा एकच व्यक्ती असते. त्यामुळे प्रॉटेस्टंट शिष्य समोर बसला की मार्गदर्शन कोठे संपते आणि संस्कार, म्हणजे चर्चचा पवित्र विधी, कोठे सुरू होतो, हा प्रश्न उभा राहतो. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील कलम ८४४ प्रॉटेस्टंटांना पापनिवेदन, प्रभुभोजन आणि रुग्णाभिषेक हे संस्कार मरणाच्या धोक्यात किंवा धर्माधिकाऱ्यांनी ठरवलेल्या तितक्याच गंभीर गरजेतच देऊ देते. तेही त्या व्यक्तीला आपला धर्मसेवक गाठता येत नसेल, तिने स्वतः मागणी केली असेल, त्या संस्काराविषयी तिची श्रद्धा कॅथलिक असेल आणि तिच्या मनाची योग्य तयारी असेल तर. रिट्रीटमधील (प्रार्थनेसाठीच्या एकांतवासातील) मौन, बायबलचे मनन, मनातील हालचाली पारखण्याची शिकवण यांना हे कलम लागू होत नाही. टीकाकारांना हा भेद कृत्रिम वाटतो. मला मात्र त्यामुळेच मैत्रीला मोकळेपणा मिळाला असे वाटते, कारण मार्गदर्शकाला शिष्याचा पंथ बदलण्याची घाई करावी लागत नाही.

१९९३ मध्ये रोमहून आलेल्या ऐक्यविषयक निर्देशिकेने सामायिक प्रार्थना आणि आध्यात्मिक साधनांची देवाणघेवाण यांना उत्तेजन दिले, संस्कारांवरील बंधने मात्र कायम ठेवली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि सोळाव्या शतकापासूनचा मुख्य वाद बराच निवळला. प्रभुभोजनाच्या मेजावर एकत्र बसण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही.